निराशेच्या दिवसांत येशूविषयी कसे बोलावे: मुंबईतल्या नवख्यांसाठी

येशूविषयी कुणाशी तरी बोलावे असे आतून वाटते, पण जीभ रेटत नाही, अशा मुंबईतल्या ख्रिस्ती माणसासाठी हे लिहितो आहे. तुमचा बाप्तिस्मा नुकताच झालेला असेल. तुम्ही गिरगाव-भायखळ्याच्या जुन्या मराठी मंडळीतल्या चौथ्या पिढीचे असाल, नाहीतर गोराई-मनोरीकडच्या ईस्ट इंडियन घरातले. बोलायला सुरुवात करणारा प्रत्येक जण इथे नवखाच असतो.

दिवस अवघड आहेत, हे आधी मान्य करू. आज सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, म्हटले की ऐकणाऱ्याला पहिल्यांदा धर्मांतर आठवते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी काहीतरी पुढे ढकलतो आणि ज्या शेजाऱ्याकडे वर्षानुवर्षे वाटीची देवाणघेवाण चालली त्याच्याशी जिन्यात बोलताना आपणच अवघडतो. उपासनेला तरुण चेहरे कमी दिसतात. घरातला मुलगा म्हणतो, तुमचा विश्वास तुमच्यापाशी ठेवा. आणि हे सगळे बाजूला ठेवले तरी विरार लोकलने घरी पोचलेल्या माणसात दुसऱ्याच्या आत्म्याची काळजी वाहण्याइतके त्राण उरलेले नसते.

तरीही बोलायला हवे, असे मी ठामपणे म्हणतो. येशूने मला जे दिले ते फक्त माझ्या घरापुरते दिले असे मानायला मी तयार नाही. मात्र खात्री असलेल्या माणसाला घाई नसते. तो खरे तेच सांगतो, समोरच्याला ‘नाही’ म्हणायची पूर्ण मोकळीक ठेवतो, आणि ‘नाही’ ऐकल्यावरही उद्या त्याच्याशी तितक्याच आपुलकीने वागतो. हे रोजच्या मुंबईत कसे जमवायचे, ते क्रमाने सांगतो.

आधी निराशा कसली आहे ते ओळखा

थकवा, भीती, शंका आणि लाज या चार वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

थकवा असेल तर झोपा. हे मी गंभीरपणे सांगतो आहे. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले, मध्ये झोपू दिले, आणि मग पुढची वाट दाखवली (१ राजे १९). रविवारी सकाळी उपासना, दुपारी संडेस्कूल, संध्याकाळी गायनाचा सराव आणि रात्री घरगुती प्रार्थना सभा, असा दिवस काढणाऱ्याला सोमवारी ऑफिसात कुणाशी प्रेमाने बोलता येणार नाही. एक काम सोडा.

भीती असेल तर ती पाळकांपाशी किंवा विश्वासातल्या मित्रापाशी नाव घेऊन बोला: नोकरीची, सासरची, की मारहाणीची? मोघम भीती वाढत जाते. नाव दिल्यावर तिचे काय करायचे ते ठरवता येते. पौलासारखा माणूस करिंथमध्ये आपण अशक्तपणात आणि थरथर कापत आलो होतो असे स्वतःच लिहितो (१ करिंथ २).

शंका असेल तर तिच्यासकट बोलता येते. सगळी उत्तरे हाताशी आल्यावरच बोलेन असे ठरवणारा माणूस जन्मभर गप्प राहतो. लाज मात्र निराळी. ‘आपण ख्रिस्ती आहोत’ हे ऑफिसात कुणाला माहीतच नसेल, तर पहिले पाऊल तेवढेच टाका. सोमवारी कुणी विचारले, ‘काल काय केलंत?’ तर सरळ सांगा, ‘सकाळी चर्चला गेलो होतो.’ त्या आठवड्यापुरते तेवढे पुरे.

आपली साक्ष कागदावर उतरवा

योहानाच्या नवव्या अध्यायात येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांध माणसाला परुशी, म्हणजे यहुदी धर्मपुढारी, उलटसुलट विचारून बेजार करतात. त्याला धर्मशास्त्र येत नाही. तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही, पण एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते. साक्षीचा सांगाडा एवढाच आहे: आधी काय होते, येशू कसा भेटला, आता काय आहे.

एका पानात लिहा. वाचायला तीन मिनिटे लागतील इतकेच. दादरहून चढून परळ-करी रोड येईपर्यंत संपले पाहिजे. लिहिताना तीन पथ्ये पाळा.

पहिले, चर्चच्या आतली भाषा बाहेर ठेवा. ‘मी कोकऱ्याच्या रक्ताने धुतला गेलो’ हे आपल्याला गोड वाटते, शेजारच्या काकूंना ते भीतिदायक वाटेल. ‘तारण’, ‘अभिषेक’, ‘जगिक’, ‘विश्वासणारे’ हे शब्द काढून तीच गोष्ट घरात बोलतो तशी सांगा.

दुसरे, आधीचे दिवस काळे रंगवू नका. चमत्काराची भर घालू नका. पुष्कळांची साक्ष साधी असते आणि साधीच खरी वाटते. समजा एखाद्या नर्सताईंनी लिहिले: ‘रात्रपाळीत एक लहान पेशंट गेला. घरी येऊन मी देवाशी भांडले. त्या आठवड्यात वाचायला लाजराच्या कबरीचा भाग होता. येशू रडला, असं त्यात आहे. मरणापुढे रडणारा देव मी पहिल्यांदा पाहिला. माझे प्रश्न सुटले नाहीत, पण त्या दिवसापासून मी वॉर्डात एकटी नसते.’ एवढ्यात सगळे आले. ऐकणारा पुढे काहीतरी विचारेल.

तिसरे, आधीच्या धर्माची, घरच्या देवांची, आईवडिलांच्या उपासतापासांची निंदा एका ओळीतही नको. ती कायद्याच्या दृष्टीनेही धोक्याची आहे, पण माझे कारण वेगळे आहे. तुमच्यासाठी देवापुढे पहिला हात जोडला तो बहुधा तुमच्या आजीने, तिला देव ज्या रूपात ठाऊक होता त्या रूपापुढे. तिचा अपमान करून येशूचा मान वाढत नाही.

लिहून झाले की ख्रिस्ती नसलेल्या एका मित्राला वाचून दाखवा. जिथे तो ‘म्हणजे?’ विचारेल तिथे बदल करा.

एक शुभवर्तमान पक्के, चार गोष्टी तोंडपाठ

मार्ककृत शुभवर्तमान सर्वांत लहान आहे, सोळा अध्यायांचे. दोन-तीन बैठकांत संपते. ते पुन्हा पुन्हा वाचा, मोठ्याने वाचा. जुन्या भाषांतराची भाषा जड वाटत असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ घ्या. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे आणि त्याचे मराठी आजचे आहे.

मग चार गोष्टी अशा तयार करा की पुस्तक न उघडता सांगता याव्यात. माझी निवड: उधळ्या पुत्राची (लूक १५), चांगल्या शोमरोन्याची (लूक १०), विहिरीवरच्या बाईची (योहान ४) आणि क्रूसावरच्या चोराची (लूक २३). मराठी माणूस कीर्तनात आणि आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकत वाढला आहे. मुद्दे मांडले की तो वाद घालतो, गोष्ट सांगितली की ती घरी घेऊन जातो. उधळ्या पुत्राचा बाप रस्त्याने धावत सुटतो तिथे जरा थांबा. वयस्क, अब्रूदार माणूस चारचौघांत धावतो म्हणजे काय, हे कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे उदाहरण इथे आठवावे असे आहे. नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी वाचायचे वचन दिले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले, ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या सहप्रवाशाने गाडीत वाद जिंकल्याचे कुणी सांगत नाही. सगळ्यांच्या आठवणीत राहिला तो त्याच्या बोलण्यातला आदर आणि हातात ठेवलेले पुस्तक. पुढे टिळक म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो. मागचा पूल मोडण्याची गरज त्यांना वाटली नाही.

कुणाशी, कुठे

पाच नावे लिहा. रोज भेटणारी, पुन्हा भेटणार असलेली माणसे: ऑफिसात डबा एकत्र खाणारा, मुलाच्या शाळेच्या फाटकाशी भेटणारी, मजल्यावरच्या काकू, गाडीतल्या ग्रुपमधला. महिनाभर या पाच जणांसाठी नाव घेऊन प्रार्थना करा. धर्माचा विषय स्वतःहून काढू नका. त्यांचे ऐका. कुणाच्या वडिलांचे डायलिसिस चालू आहे, कुणाचे रूमचे भाडे थकले आहे, हे कळल्याशिवाय सुवार्ता सांगायला जाणे मला उद्धटपणाचे वाटते.

अनोळखी माणसांना स्टेशनबाहेर पत्रके वाटावीत का? काही भाऊ-बहिणी ते निष्ठेने करतात, मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण नवख्या माणसाने तिथून सुरुवात करू नये. पत्रकाला पुढचा प्रश्न विचारता येत नाही. आणि भरलेल्या लोकलच्या डब्यात प्रवचन तर नकोच. तिथे कुणाला उठून जायचीही सोय नसते.

जिथे आपला वरचष्मा आहे तिथेही तोंड आवरा. साहेबाने हाताखालच्या माणसाला, शिक्षकाने वर्गातल्या मुलांना, डॉक्टरने पेशंटला, मालकिणीने घरकामाच्या ताईंना स्वतःहून विश्वासाचे सांगू नये. त्यांना ‘नको’ म्हणता येत नाही. त्यांनी विचारले तर थोडक्यात सांगा आणि विषय त्यांच्या हाती ठेवा. लहान मुलांशी आईवडिलांना माहीत असल्याशिवाय कधीही नाही. शिकवणीला आलेल्या मुलांकडून आधी प्रार्थना म्हणवून घेणे बंद करा.

मुंबईत काही दारे आधीच उघडी आहेत. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे ठरावीक प्रार्थनांची भक्ती, चालते आणि रांगेत सगळ्या धर्मांची माणसे असतात. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला अर्धी मुंबई लोटते. तुमच्या ऑफिसातली एखादी ताई बुधवारी माहीमला मेणबत्ती लावून येत असेल, तर तिला विचारा, ‘काय मागता तिथे?’ आणि मग पाच मिनिटे मध्ये बोलू नका. तिचे उत्तर तुमच्या कुठल्याही प्रस्तावनेपेक्षा खोल असेल. (प्रॉटेस्टंट मित्रांना एक विनंती: त्या क्षणी नोव्हेना योग्य की अयोग्य हा वाद उकरू नका.)

नाताळ हे दुसरे दार. करंज्या-शंकरपाळ्यांचे ताट घेऊन शेजारी जातोच आपण. यंदा त्यांना घरी बोलवा, गोठा दाखवा, आणि कुणाच्या तरी लेकराने विचारले की ‘बाळ गवतात का झोपलंय?’ तर उत्तर चांगले द्या: राहायला जागा मिळाली नाही म्हणून. हे उत्तर मुंबईत लगेच समजते. शुभ शुक्रवारी बारा ते तीन क्रूसावरील सात उद्गारांवर उपासना होते, तिलाही एखाद्या जवळच्या मित्राला बोलवा. किती वेळ चालेल, कुठे बसायचे, दानाची थैली फिरली तर काही टाकायची गरज नाही, हे आधी सांगून ठेवा.

बोलणे कसे होते

बहुतेक वेळा सुरुवात तुम्ही करत नाही. समजा, मजल्यावरच्या काकू विचारतात:

‘दर रविवारी सकाळी कुठं जातेस गं?’

‘चर्चला, काकू. उपासना असते.’

‘काय करता तिथं?’

‘गाणी म्हणतो, बायबल वाचतो, एकमेकांसाठी प्रार्थना करतो. मागच्या रविवारी तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पण केली.’

‘माझ्यासाठी? मी कुठं तुमच्यातली?’

‘येशूनं कधी आमच्यातला-तुमच्यातला असं बघितलंच नाही, काकू. म्हणून तर तो मला आवडतो.’

इथे थांबा. काकूंनी पुढे विचारले तर विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगा. नाही विचारले तर गुडघ्याची चौकशी करा आणि दोन दिवसांनी वर भाजी आणून द्या. एका बसण्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून शेवटच्या न्यायापर्यंत सगळे सांगून टाकण्याचा मोह नवख्याला फार होतो. काकू कुठे पळून जाणार नाहीत.

कुणाच्या दुःखात प्रार्थना करावीशी वाटली तर आधी विचारा: ‘तुम्हाला चालणार असेल तर मी आता तुमच्यासाठी प्रार्थना करू?’ हो म्हणाले तर हळू आवाजात, साध्या मराठीत, दोन-तीन वाक्ये. डोक्यावर हात ठेवू नका. नको म्हणाले तर ‘बरं’ म्हणा आणि चहा मागवा.

काही प्रश्न मात्र येतातच. त्यांची उत्तरे आधी मनाशी तयार ठेवा.

‘तुम्ही लोक पैसे देऊन धर्म बदलवता ना?’ चिडू नका, प्रश्न भीतीतून आला आहे. सांगा: पैशाने घेतलेला विश्वास आम्हालाही खोटाच वाटतो, आणि कुणी तसे करत असेल तर ते येशूच्या नावाला काळिमा आहे. मला कुणी काही दिलेले नाही, मी तुम्हाला काही देणार नाही. वाटले तर ऐका.

‘हा इंग्रजांचा धर्म.’ येशू आशियातला, रोमी साम्राज्याने परवशात ठेवलेल्या लोकांतला आणि त्याच साम्राज्याने क्रूसावर मारलेला. मराठीपुरते बोलायचे तर फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधी. बाबा पदमनजींची कादंबरी ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. टिळकांची भजने आजही आपल्या मंडळ्यांत टाळ-मृदंगावर म्हटली जातात. हे शांतपणे सांगा, आणि पोर्तुगीज-इंग्रज अमलात धर्माच्या नावाखाली झालेल्या जुलमाचा विषय निघाला तर तोही मान्य करा.

‘तुमच्यातही जात आहेच की.’ आहे. लग्न जुळवताना दिसते, कधी मंडळीच्या निवडणुकीतही. सारवासारव करू नका. ख्रिस्तात हे बसत नाही आणि आम्ही तिथे चुकतो आहोत, असे म्हणा. या एका प्रामाणिक उत्तराने जितकी मने उघडलेली मी पाहिली आहेत, तितकी कुठल्याही युक्तिवादाने नाही.

‘देव आहे तर माझा मुलगा का गेला?’ याला उत्तर देऊ नका. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर त्यांचे बरोबर होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर.

मदत आणि सुवार्ता यांची गाठ मारू नका

परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास पाहा. गावाकडून आलेले नातेवाईक पिशव्या उशाशी घेऊन फुटपाथवर असतात. कुठला फॉर्म कुठे भरायचा, स्वस्त राहायची सोय कुठे, रक्त कोण देईल, त्यांना काही ठाऊक नसते. तिथे ख्रिस्ती माणसाने जावे. रांगेत उभे राहावे, डबा न्यावा. पण डब्याच्या पिशवीत पत्रक घालू नये. भुकेला माणूस तुमचे ऐकेल, आणि ते ऐकणे खरे आहे की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये चौपाटीजवळ शारदा सदन काढले. विधवांना तिथे शिक्षण आणि आसरा होता, धर्माची सक्ती नव्हती. रमाबाई स्वतःची प्रार्थना मात्र लपवत नसत, आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून करत. कुणी येऊन बसले तर बसले. पुढे सदन पुण्याला गेल्यावर याच कारणावरून मोठे वादळ झाले आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावून घेतले नाही, सदनही बंद केले नाही. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाई हिंदूच राहिल्या, धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. मला हे रमाबाईंच्या कामाचे यशच वाटते. दिलेले दान परतफेडीसाठी नव्हते, याचा तो पुरावा आहे.

कायदा आणि सावधपणा

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ने प्रत्येकाला सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. विश्वासाच्या दृष्टीनेही मला हे अडचणीचे वाटत नाही, कारण मन पालटणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे. धर्मांतराविषयीचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलतही असतात. महाराष्ट्रात या घडीला नेमके काय लागू आहे ते मंडळीच्या ओळखीच्या वकिलाकडून समजून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून नको.

जबरदस्ती, आमिष, फसवणूक यांच्या सावलीतही जाऊ नका. नोकरी, शाळेचा प्रवेश, फी, रेशन, लग्न यांपैकी कशाचाही उल्लेख विश्वासाच्या बोलण्यात नको. दुसऱ्या धर्माच्या भावना जाणूनबुजून दुखावणे गुन्हा आहे.

आजाराबद्दल विशेष जपा. ‘प्रार्थनेला या, कॅन्सर बरा होईल’ असे म्हणणे खोटे आश्वासन आहे आणि चमत्काराने रोग बरा करण्याच्या दाव्यांवर कायदेही आहेत: जादूच्या उपायांच्या जाहिरातींबद्दल १९५४चा केंद्राचा, आणि महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी. देव बरे करतो असे मी मानतो. पण गोळ्या बंद करा असे कधीही, कुणालाही सांगू नका. ‘मी प्रार्थना करतो, तुम्ही डॉक्टरांचे ऐका’ हे वाक्य पाठ करा.

घरी प्रार्थना सभा असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगा, चपला जिन्यात पसरू देऊ नका, गाणी वेळेत संपवा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण चाळीत तर ढोलकीचाही त्रास होतो. कुणी दारात येऊन आक्षेप घेतला तर दार उघडे ठेवून शांतपणे बोला, आवाज चढवू नका. पाळकांना फोन करा, गरज पडली तर वकिलाला आणि पोलिसांना. व्हिडिओ पसरवू नका. तो कुणाकडे जाईल आणि कसा कापला जाईल हे आपल्या हातात नसते.

कुणी ‘मला येशूमागे यायचे आहे’ म्हणाले तर

आनंद करा, आणि घाई करू नका. ‘या रविवारीच बाप्तिस्मा’ हे उत्साहाचे असले तरी शहाणपणाचे नाही. कॅथलिक मंडळीत प्रौढांची तयारी महिनोन्‌महिने चालते आणि स्नानसंस्कार बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. त्यामागे शतकांचा अनुभव आहे. पाळकांना किंवा फादरांना भेटवा आणि वाचनाला सोबत बसा.

किंमत सांगा, सगळी सांगा. घरचे बोलणे टाकतील का? लग्नाचे काय? आणि एक गोष्ट जी सांगायला पुष्कळ जण टाळतात: १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झालेल्या माणसाचा तो जातो, आणि त्याबरोबर शिष्यवृत्ती, राखीव जागा. हा अन्याय आहे असे मी मानतो. पण ज्याच्या घरावर त्याचा परिणाम होणार, त्याला तो आधी माहीत असलाच पाहिजे. बुरूज बांधणाऱ्याने आधी खर्चाचा हिशेब करावा, असे येशूनेच सांगितले आहे.

आणि त्याला घर तोडून येऊ देऊ नका. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे की नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी त्यांच्यावर कशी कोसळली. सोवळेओवळे पाळणारी ती बाई पुढे काही वर्षे वेगळी राहिली, मग एकत्र आली तरी आपले शिवाशिवीचे नियम सांभाळत राहिली. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचे मन बदलले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी झगडून. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने तेव्हा घाई केली असती तर मराठीला त्यांच्यासारखी साक्षीदार मिळाली नसती असे मला वाटते. तुमच्याकडे येणाऱ्याला सांगा: आईला आज जास्त फोन कर, कमी नको. घरच्या लग्नात जा, वाढायला उभा राहा.

काहीच होत नाही तेव्हा

बहुतेकांच्या वाट्याला हेच येते, म्हणून यावर नीट लिहितो.

अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला तेव्हा कंपनी सरकार त्याला परत पाठवायच्या बेतात होते. तो राहिला, मराठी शिकला, रस्त्यांत आणि देवळांच्या ओट्यांपाशी लोकांशी बोलला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतरात खपला. त्याचा सोबती सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेला. १८२६च्या मार्चमध्ये नाशिककडच्या फेरीहून परतताना हॉलही पटकीनेच गेला. तेरा वर्षांत त्याच्या बोलण्याने ख्रिस्ती झालेली माणसे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीही नव्हती. अमेरिकेत त्याचे अहवाल वाचणाऱ्यांना काय वाटत असेल? पण त्याच मिशनमधून पुढे अहमदनगरचे काम उभे राहिले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले, आणि टिळक आले ते याच मिशनमध्ये. हॉलला यातले काही दिसले नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की किती लोक आले हे मोजायचे सोडा. मोजायचेच असेल तर वेगळे मोजा: या महिन्यात मी कुणाचे मनापासून ऐकले का? विचारणाऱ्याला टाळले का? पाच नावांसाठी प्रार्थना झाली का? ही उत्तरे तुमच्या हातात आहेत. दुसऱ्याचा विश्वास तुमच्या हातात नाही, कधीच नव्हता.

आणि एकट्याने हे करू नका. करिंथमध्ये पौलाला रात्री दर्शनात प्रभू म्हणाला, भिऊ नको, बोलत राहा, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत (प्रेषित १८). त्या नगरात पौलाला आधी मिळाले होते ते तंबू शिवणारे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला, राहायला जागा आणि सोबतीला काम. तुम्हालाही असे दोन जण हवेत. मंडळीतला एखादा जोडीदार निवडा, पंधरवड्यातून एकदा भेटा, मग ते चर्चच्या आवारात असो की दादरच्या एखाद्या हॉटेलात चहावर. तीन गोष्टी बोला: कुणाशी बोलणे झाले, कुठे हिंमत हरली, कुणासाठी प्रार्थना करायची. अर्धा तास पुरतो. साक्षीचा कागद पहिल्या भेटीत त्यालाही वाचून दाखवा, आणि पाच नावांची यादी त्याच्याकडेही एक द्या.